मनमिळाऊ हारूनभाई

हारूनभाईंच्या शोकसभेत त्यांचं जुनं गिऱ्हाईक पुंडलिकराव उभे राहिले, खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि त्यांनी वाचलं, "हारूनभाई म्हणजे एक अत्यंत मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व होतं." मी दुसऱ्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. हातातला चहाचा कप मी खाली ठेवून दिला. तो हातात राहिला असता तर कुणाच्या तरी अंगावर गेला असता.

मनमिळाऊ म्हणे. शेलूबाजारच्या अख्ख्या बाजारपेठेत हारूनभाईंइतका भांडखोर माणूस मी पाहिलेला नाही. ते गिऱ्हाइकांशी भांडत, कंपनीच्या साहेबांशी भांडत, हमालांशी आणि जीपवाल्यांशी भांडत, आणि भांडायला कुणीच मिळालं नाही तर मोबाइलवर हवामानाचा अंदाज सांगणाऱ्या पोरीशी भांडत. पण मेलेल्या माणसाला एकदा मनमिळाऊ म्हटलं की काम भागतं. तो काय म्हणून ओरडत होता, हे मग कुणी विचारत नाही. त्या सभेत त्यांच्या फोटोचा मोठा फ्लेक्स लावला होता आणि फ्लेक्सच्या तळाशी 'सौजन्य' म्हणून एका खत कंपनीची खूण छापली होती. शेवटच्या वर्षात ज्या कंपनीनं त्यांचा माल तोडला, तीच ही कंपनी. मला इतका संताप आला की चपला घालून मी निघून आले, आणि तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे.

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. नोकरी लागली तेव्हा हारूनभाईंच्या खताच्या गोदामाला लागून असलेलं घर भाड्यानं मिळालं आणि तेच पुढं विकत घेतलं. माझी स्वयंपाकघराची भिंत म्हणजे त्यांच्या गोदामाची भिंत. पावसाळ्यात पोती ओलावली की भिंतीपलीकडून डोळ्यांत पाणी आणणारा उग्र वास यायचा आणि त्या वासात गुलाबाचं अत्तर मिसळलेलं असायचं. हारूनभाई दुकानात पाय ठेवण्याआधी अत्तर लावत. कपडे पांढरेशुभ्र, पायजमा आणि कुर्ता, तेही खताच्या दुकानात. हमाल हसायचे. "अरे मियाँ, मी मातीच इकून राह्यलो, म्हनून काय मातीत लोयू का?" असं म्हणून ते पोत्यांच्या थप्पीवर चढून बसत. खुर्चीवर कधी बसले नाहीत. खुर्चीवर बसलं की माणसाचा साहेब होतो आणि साहेबाला काही ऐकू येत नाही, असं त्यांचं मत होतं. चष्म्याची एक काडी तुटलेली होती, तिच्या जागी सुतळी. मुलगा अकोल्यात चांगल्या नोकरीला होता, त्यानं आणलेले नवे चष्मे गल्ल्याच्या खणात पडलेले असत.

त्यांच्याकडून खत घेणं म्हणजे तोंडी परीक्षा असायची. काय पेरलं, कधी पेरलं, मागं काय होतं, जमीन काळी की मुरमाड, शेणखत टाकलं का, नसेल टाकलं तर का नाही टाकलं. उत्तर चुकलं की आवाज चढायचा. नवी माणसं बिचकायची. जुनी माणसं दात काढून उभी राहायची, कारण ओरडून झालं की हारूनभाई हवं ते देत, आणि थोडं जास्तच देत.

हो, जास्तच देत. मी त्यांना संत करायला बसलेली नाही. पुंडलिकराव करतील ते काम. मी त्यांना पहिल्यांदा ओळखलं तेव्हा ते तालुक्यातले सगळ्यात जास्त युरिया विकणारे व्यापारी होते आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता. जुम्म्याची नमाज झाली की स्कूटर काढायची आणि किन्हीराजाच्या रस्त्यानं गिऱ्हाइकांची वावरं बघत फिरायचं, हा त्यांचा शौक. परत आले की माझ्या ओट्याशी थांबून सांगायचे, "म्याडम, पाहून या जरा. कायंभोर. रस्त्यावरून जानारा मानूस गाडी थांबवून इचारते, कोन्या दुकानाचं खत हाय म्हनून."

आमच्याकडच्या सोयाबीनची ही गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगावी लागते. सोयाबीनच्या मुळांवर गाठी असतात, त्या हवेतलं नत्र घेऊन झाडाला देतात. या पिकाला वरून युरियाचं काम जवळजवळ नसतंच. हे मी दरवर्षी पोरांना शिकवते, पोरं पेपरात लिहितात, आणि त्यांचे बाप पोळ्याच्या आधी उभ्या पिकात युरिया फेकतात. का? तर शेजाऱ्याचं वावर जास्त गर्द दिसतं म्हणून. शेंगा किती लागल्या हे नंतरचं. आधी रंग. पारावर बसून माणसं एकमेकांच्या पिकाचा रंग काढतात, जसा लग्नात नवरीचा काढतात. त्यातही पाऊस येईल असं आभाळ बघून फेकायचा, म्हणजे लवकर विरघळतो. विरघळतो खराच. तासाभरात तो बांध ओलांडून ओढ्यात असतो आणि ओढा तलावात जातो.

त्या तलावाच्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर बाकीची गावं सुटतील.

तलावाशी हारूनभाईंचं नातं पंचफुलाबाईमुळं. पंचफुलाबाई भोई. तिच्या घरच्यांनी आणि आणखी काही भोयांनी मिळून तलाव मासेमारीला घेतला होता आणि सगळं घर त्या पाण्यावर जगत होतं. बाजाराच्या दिवशी ती हारूनभाईंच्या दुकानासमोर टोपली घेऊन बसायची. हारूनभाईंना मरळ मासा प्राणप्रिय. गिऱ्हाईक तिष्ठत ठेवून ते खाली उतरायचे, टोपलीवरचा ओला बारदाना उचलायचे आणि भांडण सुरू.

"ही मरय हाय का बोटुकली?"

"भाऊ, तुमचे डोये फुटले काय? हातभर हाय."

"तुह्या नातवाच्या हातभर."

"मंग नका घेऊ. पलीकडं कोंबडी भेटते."

भांडण संपलं की तिनं मासा बाजूला ठेवलेलाच असायचा आणि त्यांनी पिशवी आणलेलीच असायची. पोळ्याला हारूनभाई बैलांच्या शिंगांना लावायचा रंग आणि बेगड गिऱ्हाइकांना फुकट वाटत. त्यातला थोडा रंग पंचफुलाबाई मागून न्यायची आणि आपल्या बकरीची शिंगं रंगवायची.

मग एका पावसाळ्यानंतर तलाव हिरवा झाला. शेवाळ कडेला होतं तोवर कुणाला काही वाटलं नाही, पण नवरात्रात सगळं पाणीच हिरवं दिसायला लागलं. घट्ट, रंगाचा डबा सांडावा तसं. वरून साय धरायला लागली. मी शाळेच्या पोरांना घेऊन बघायला गेले होते, आणि गावच्या सरपंचांना सांगितलंही होतं की हे लक्षण बरं नाही. ते म्हणाले, "म्याडम, हिरवं तं चांगलंच असते." आमच्या भागात हिरव्या रंगाबद्दल कुणालाच शंका येत नाही, हीच तर बोंब आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी माहेरी गेले आणि पुढचं सगळं माझ्यामागं घडलं. पंचफुलाबाईनं मला नंतर सांगितलं ते असं. पहाटे ती जाळं घेऊन गेली तर तलावभर मासे तोंड वर काढून उभे. कटला, रोहू, सगळे, हवेत तोंड उघडमीट करत. ती काठावर बसूनच राहिली. तिनं घरच्यांना बोलावलं. सगळ्यांनी मिळून ठरवलं की मासे भुकेले आहेत. तोंड उघडतोय म्हणजे खायला मागतोय, दुसरं काय? ज्यांनी जन्मभर जनावरं आणि पोरं वाढवली, त्यांना दुसरं काय सुचणार? त्यांनी सरकीची ढेप, म्हणजे पेंड, आणून टाकली, पाट्या भरभरून शेण टाकलं. कुणीतरी सांगितलं की शेततळ्यात मासे मोठे व्हावेत म्हणून सुपर फॉस्फेट टाकतात. ते हारूनभाईंकडं आले. हारूनभाईंनी, परमेश्वरा, चार शिव्या घालून, "पैशाचं नाव काढशीन तं पाय" म्हणत दोन पोती फुकट दिली आणि आपल्या गाडीनं तलावावर पोचती केली.

मासे गुदमरत होते. त्या शेवाळानं रातोरात पाण्यातला प्राणवायू संपवला होता, आणि मेलेलं शेवाळ कुजायला उरलासुरला लागत होता. श्वास कोंडलेल्या माणसाच्या तोंडात लाडू कोंबावा तसं त्या भल्या माणसांनी वरून आणखी खत घातलं. दोन दिवसांनी पाण्यावर एक जागा मोकळी नव्हती, इतके मासे उताणे तरंगत होते. मरळ तेवढी वाचली, कारण ती वर येऊन हवा घेऊ शकते.

मी सुट्टीहून परतले तो बाजाराचा दिवस होता. पंचफुलाबाई नेहमीच्या जागी बसलीच नाही. ती टोपली घेऊन सरळ हारूनभाईंच्या दुकानात शिरली आणि तिनं ती गल्ल्यावर उपडी केली. कुजलेले मासे कागदांवर, वजनकाट्यावर, त्यांच्या पांढऱ्या कुर्त्यावर. दुकानात गर्दी होती. हारूनभाई आता हिला फाडून खातील म्हणून सगळे मागं सरले.

"खा," ती म्हणाली. "तुह्या खताचे हायेत. लय मोठे झाले."

हारूनभाईंनी कुर्त्यावरचा एक मासा उचलून तिच्या टोपलीत ठेवला. हमालानं मासे उचलले, धूप लावला, अत्तर शिंपडलं, तरी तो वास कित्येक दिवस माझ्या स्वयंपाकघरात येत राहिला. हारूनभाई मात्र त्या वेळी हे मानायला तयार नव्हते. कुणीतरी विष टाकलं असेल म्हणाले, हवामान बिघडलंय म्हणाले. माझ्याशीही भांडले. "खतानं पीक वाढते म्याडम, खतानं काई मरत नसते." मी मुळांच्या गाठींपासून सुरुवात केली तर उठून गेले.

त्याच हिवाळ्यात कंपनीनं त्यांना सहलीला नेलं. ज्या व्यापाऱ्यांनी ठरल्याहून जास्त माल खपवला त्यांना कंपनी फिरायला नेते. त्या वर्षी आंध्रात समुद्रकिनारी. हारूनभाईंनी समुद्र कधी पाहिला नव्हता. नवा कुर्ता शिवला, माझ्या पोरीला शंख आणतो म्हणाले आणि जऊळक्याच्या स्टेशनवरून मोठ्या थाटात गेले.

परत आले ते गप्प. हा माणूस गप्प म्हणजे बाजारपेठेला चुकल्यासारखं झालं. कंपनीनं दिलेली चकचकीत ढाल गल्ल्यामागं पोत्याआड पडली होती. चार-पाच दिवसांनी संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"म्याडम, समुद्र पाह्यला."

"कसा वाटला?"

"आपल्या तलावावानी."

मला वाटलं थट्टा करतायत. पण त्यांनी सावकाश सांगितलं. रात्री हॉटेलात मोठा कार्यक्रम, टाळ्या, ढाल, जेवणात पाच तऱ्हेचे मासे. पहाटे नमाज पढून ते एकटेच पायी किनाऱ्याकडं निघाले. समुद्र दिसायच्या आधी वास आला. "मले तो वास माईत होता. माह्या गल्ल्यावरचा वास." पाणी हिरवट तपकिरी, वर घाण फेस, आणि वाळूवर मासेच मासे. एक बाई रिकामी टोपली घेऊन बसली होती. हारूनभाईंना बघून ती उठली, तिनं एक मेलेला मासा त्यांच्या तोंडासमोर धरला आणि ती तेलुगूत काहीतरी बोलली.

"भाषा समजली नाई. पन पंचफुलाबाई बोलली व्हती, तेच बोलली असन."

मग त्यांनी विचारलं, "आपल्या तलावाचं पानी कुठं जाते?" मी आतून नकाशाचं पुस्तक आणलं. त्यांनी सुतळीचा चष्मा चढवला. मी बोट फिरवत गेले. ओढ्यातून अडाण, अडाणमधून पैनगंगा, पैनगंगा वर्धेला, वर्धा प्राणहितेत, प्राणहिता गोदावरीत, आणि गोदावरी समुद्रात. बोट थांबलं तिथून सहलीचं ते गाव जवळच होतं.

"म्हंजे मी जायच्या आधी माह्यं खत तिथं पोचेल व्हतं," हारूनभाई म्हणाले.

मला त्यांची कीव आली. मी म्हटलं, असं नसतं, त्या पाण्यात अर्ध्या देशाचं खत आहे, शहरांची गटारं आहेत, तिथल्या कोळंबीच्या तळ्यांची घाण आहे, हे काही तुमच्या एकट्याचं नाही. तेव्हा ते भडकले, आणि तो जुना आवाज परत आला.

"सगळ्यायचं हाय म्हंजे कोनाचंच नाई, असं सांगून राह्यल्या का तुमी? विज्ञान शिकवता ना?"

त्या दिवसापासून जे हारूनभाई सुरू झाले, तेच मला सांगायचे आहेत. गल्ल्यावर खतांच्या नमुन्यांच्या काचेच्या बरण्या असतात, पांढरे दाणे, काळे दाणे, लाल दाणे. त्या ओळीत त्यांनी एक बरणी तलावाच्या पाण्याची ठेवली. घट्ट हिरवी. आलेल्या माणसानं "हे कोनतं औषध?" असं विचारलंच पाहिजे, आणि विचारलं की झाकण उघडून त्याच्या नाकाखाली धरत. सोयाबीनला युरिया मागितला की थप्पीवरून गर्जना व्हायची, "भूक पिकाले लागली, का तुह्या डोयाले?" हे वाक्य इतक्यांदा माझ्या भिंतीतून आलं की माझी पोरगी जेवताना दुसऱ्यांदा आमटी मागितली की तेच म्हणायची.

लोक हसले, मग चिडले, मग समोरच्या दुकानात गेले. समोर कुणी काही विचारत नव्हतं. कंपनीचे साहेब गाडी घेऊन आले. ती बरणी उचला म्हणाले, गिऱ्हाइकाच्या मनावर वाईट परिणाम होतो. हारूनभाई म्हणाले, "व्हावा म्हनूनच ठेवली." पुढच्या हंगामात त्यांचा माल उशिरा यायला लागला आणि मग येईनासा झाला. मुलगा अकोल्याहून येऊन समजावून गेला. शिंगांचा रंग फुकट नेणारी माणसं रस्त्यात दुसरीकडं बघायला लागली.

हारूनभाई हिंमत हरले नाहीत, उलट वैताग वाढवला. गावसभेत जाऊन उभे राहिले. तलावाच्या कडेच्या वावरांनी बांधालगत गवताची पट्टी सोडावी, आभाळ भरून आल्यावर खत फेकू नये, एवढंच मागणं होतं. कडेचं सगळ्यात मोठं वावर पुंडलिकरावांचं. त्यांचं पीक तालुक्यात सगळ्यात गर्द, आणि वर्षानुवर्षं हारूनभाईंचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तेच. ते हसून म्हणाले, "आयुष्यभर तूच इकलं, अन् आता तूच अक्कल शिकवून राह्यला." सगळी सभा हसली. कुठल्याशा कार्यालयाचे साहेब आले, बाटलीत पाणी भरून घेऊन गेले, आणि त्या बाटलीचं काय झालं ते आजवर कुणाला कळलेलं नाही. तलावावर एक पाटी मात्र लागली, 'पाण्यात उतरू नये'. पंचफुलाबाई त्या पाटीला टेकून जाळं वाळवायची. मरळही संपली होती, जाळ्यात आता फक्त शेवाळ यायचं.

श्रावणात तिच्या दोन बकऱ्या तलावाचं पाणी पिऊन थरथरत मेल्या. त्यातली एक रंगवलेल्या शिंगांची. गुरांचे डॉक्टर म्हणाले की या हिरव्या सायीत विष तयार होऊ शकतं, जनावरं दूर ठेवा. पोळा तोंडावर होता, आणि पोळ्याच्या सकाळी गावातले सगळे बैल धुवायला तलावावरच नेतात. हारूनभाई घरोघरी सांगत फिरले. सणाच्या तोंडावर अशुभ बोलू नका, असं उत्तर मिळालं.

त्या सकाळी मी गेले होते. तलावाच्या कडेला, बैल उतरतात त्या उतारावर, पाण्याचे दोन टँकर उभे होते, हारूनभाईंच्या विहिरीच्या पाण्याचे. आणि हारूनभाई स्वतः गुडघाभर हिरव्या पाण्यात उभे, दोन्ही हात पसरून. पांढरा पायजमा गुडघ्यापर्यंत हिरवा. काठावर पंचफुलाबाई हातात वल्हं घेऊन. पहिली जोडी पुंडलिकरावांची, धुऊन झाल्यावर घालायच्या झुली गड्याच्या खांद्यावर, जोडीत हिऱ्या नावाचा बैल असा देखणा की दुसऱ्या गावची माणसं बघायला येत.

"सरक हारून."

"नाई सरकत. टँकरवर धुवा. पानी ताजं हाय."

"पिढ्यानपिढ्या इथंच धुतो आमी. तू कोन?"

"मी तो, ज्यानं हे इकलं," हारूनभाई ओरडले. "म्हनूनच मी उभा हाय. दुसरा कोनी काहून उभा राहीन?"

मागं बैलांची रांग लागली होती. कुणी शिवी दिली, कुणी समजावलं, कुणी सणात खोडा घालतो म्हणालं, आणि त्या 'खोडा'मध्ये आणखी काय काय भरलेलं होतं ते तिथं उभ्या प्रत्येकाला कळलं. हारूनभाई हलले नाहीत. शेवटी मागचा एक म्हातारा आपली जोडी घेऊन मुकाट्यानं टँकरकडं वळला. त्याच्यामागून आणखी काही वळले. पुंडलिकराव वळले नाहीत. त्यांनी जोडी फिरवली, आपल्या वावरातून पलीकडच्या काठावर नेली आणि तिथं बैल पाण्यात घातले. अंतर इतकं होतं की हारूनभाईंचं ओरडणं तिथवर पोचत असेल पण अडवता येत नव्हतं. हिऱ्यानं मान खाली घातली आणि तो पोटभर पाणी प्याला. आम्ही सगळे अलीकडून बघत होतो.

दुसऱ्या दिवशी हिऱ्या खाली बसला तो उठला नाही. लोक म्हणाले नजर लागली. नजर. कुणी म्हणालं, ज्यानं आधीच सांगितलं होतं त्याला कसं ठाऊक, ते विचारा. मी शाळेतून येताना गेले. तलावाला लागून वावराच्या कोपऱ्यात खड्डा खणला होता. बैलाला हळद-कुंकू लावलेलं, अंगावर तीच झूल. पुंडलिकराव लहान पोरासारखे रडत होते आणि ते रडणं खोटं नव्हतं, हे मी रागातही लिहिते.

स्कूटरचा आवाज आला. हारूनभाई आले. स्कूटरवर पुढं खडेमिठाची पोती, बैल पुरताना खड्ड्यात घालतात ते मीठ. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. त्यांनी पोती उतरवली, पोत्यांची तोंडं सोडली आणि ओंजळी भरभरून स्वतः मीठ घातलं. कुणी अडवलं नाही. माती लोटून झाल्यावर माणसं पांगायला लागली. पुंडलिकरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं, दोन पावलं हारूनभाईंच्या जवळ सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"हारूनभाई, समोरच्या दुकानात माल संपला म्हनते. तुह्याकडं असन तं दोन पोते युरिया ठेवजो. बांधाकडचं वावर पिवयं पडून राह्यलं."

मी हारूनभाईंकडं पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस असा ओरडेल की तलाव हलेल. त्यांनी पुंडलिकरावांकडं पाहिलं, मग त्या वावराकडं, मग ताज्या मातीकडं. तोंड थोडं उघडलं आणि मिटलं. मग पुन्हा उघडलं आणि मिटलं. आवाज आला नाही. मग त्यांनी हाताचं मीठ कुर्त्याला पुसलं, चष्म्याची सुतळी कानामागं नीट केली आणि स्कूटरकडं गेले. स्कूटर लवकर सुरू होईना. पुंडलिकरावांनीच मागून धक्का दिला.

त्यानंतर हारूनभाई मला दिसले नाहीत. मुलगा त्यांना अकोल्याला घेऊन गेला आणि थंडीत ते तिथंच वारले. पंचफुलाबाईला शोकसभेचं कुणी कळवलं नाही. कळवलं असतं तरी ती येऊ शकली नसती, कारण तलाव सोडून ती सगळ्या घरासकट ऊसतोडीला गेली होती. दुकान आता दुसऱ्या कुणाचं आहे, बरण्यांच्या ओळीत फक्त खतं आहेत. यंदा पुंडलिकरावांचं सोयाबीन रस्त्यावरून जाणाऱ्यानं थांबून बघावं असं गर्द आहे.

इतक्या वर्षांत त्या एका संध्याकाळी हारूनभाई पुंडलिकरावांशी भांडले नाहीत. कागदावर मनमिळाऊ लिहिताना पुंडलिकरावांना तीच संध्याकाळ आठवली असेल.